वैमानिकाची बॅग: पाठीचा हिशेब आणि औषधांचा कप्पा

धुळे, जळगाव, बारामती, गोंदिया ही नावे पूर्वी विमानाशी जोडून कोणी घेत नसे. आता या चारही ठिकाणी शिकाऊ वैमानिकांची छोटी विमाने घिरट्या घालताना दिसतात. नाशिककरांना विमानाचे अप्रूप तसे जुने आहे. ओझरला एचएएलच्या कारखान्यात १९६०च्या दशकात मिग तयार होऊ लागले आणि गांधीनगरच्या तळावरची लष्कराची हेलिकॉप्टर तर रोज डोक्यावरून जातात. पण प्रवासी विमान चालवणारा मुलगा किंवा मुलगी आपल्या गल्लीत असणे, ही नवी गोष्ट आहे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च पन्नास लाखांपासून कोटीपर्यंत जातो. कोणी द्राक्षबागेवर कर्ज काढते, कोणी फ्लॅट गहाण ठेवते. म्हणून नोकरीचे पत्र हातात पडले की अख्ख्या घराला आनंद होतो आणि मामा, काका, आत्या मिळून पहिली भेट ठरवतात ती म्हणजे बॅग.

ही बॅग बहुतेक वेळा चुकीची असते. चामड्याची, चौकोनी, पितळी कुलपाची, सिनेमात कॅप्टनच्या हातात दिसते तशी. दिसायला रुबाबदार, पण रिकामीच तीन-चार किलोची. मी विमानतज्ज्ञ नाही. सरकारी रुग्णालयात औषधवैद्यक विभागात काम करणारा डॉक्टर आहे. पण शरीर आणि औषधे या दोन गोष्टी माझ्या रोजच्या आहेत आणि नव्या वैमानिकाच्या बॅगेचा प्रश्न मुख्यतः याच दोन गोष्टींचा आहे. बॅग कोणत्या कंपनीची, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी ही बॅग एवढी मोठी का झाली, ते पाहू. १९३०च्या दशकात अमेरिकेत टपालाची विमाने नेणाऱ्या वैमानिकांजवळ धड नकाशेही नसत. एल्री जेपसन नावाच्या एका वैमानिकाने दहा सेंटची एक वही घेतली आणि तिच्यात धावपट्ट्यांची लांबी, आजूबाजूचे डोंगर, तारा, टाक्यांची उंची असे टिपून ठेवायला सुरुवात केली. सहकारी प्रती मागू लागले, तेव्हा १९३४ मध्ये त्याने त्या दहा डॉलरला विकायला काढल्या. त्या वहीतून पुढे नकाशांची अख्खी कंपनी उभी राहिली आणि वैमानिकाच्या हाती जाडजूड फायली आल्या. विमानतळ वाढले, तशी पाने वाढली. शेवटी ही कागदांची बॅग साधारण १६ किलोंवर गेली. तुलनाच करायची तर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून जुहूला जी पहिली टपालफेरी आणली, त्या विमानातले सगळे टपाल साधारण २५ किलो होते.

नंतर टॅबलेट आले. २०१३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने आपल्या सर्व विमानांतून कागदी नकाशे काढून टाकले. विमानातला हा भार गेल्याने वर्षाला सुमारे चार लाख गॅलन इंधन वाचेल, असा त्या कंपनीचा हिशेब होता. आपल्याकडच्या कंपन्यांनीही आता तोच मार्ग धरला आहे. या व्यवस्थेचे इंग्रजी नावच मुळी ‘इलेक्ट्रॉनिक फ्लाइट बॅग’ असे आहे. म्हणजे सोळा किलोची बॅग अर्ध्या किलोच्या पाटीत मावली. एवढेच नव्हे, फेब्रुवारी २०२५ पासून डीजीसीएने वैमानिकांचा परवानाही मोबाइलवर द्यायला सुरुवात केली आहे.

मग तरीही वैमानिकांच्या पाठी का दुखतात? कारण कागद गेला, पण बॅग गेली नाही. रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतो, हे कोणत्याही घरातल्या माळ्यावर चढून पाहता येईल. टॅबलेट, चार्जर, पॉवर बँक, हेडसेट, विजेरी, चमकणारे जाकीट, पासपोर्ट, पाण्याची बाटली, डबा, एक जादा शर्ट, स्वेटर, रात्री मुक्काम असेल तर आणखी काही. हेडसेट साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा, भरलेली लिटरची बाटली एक किलोची, स्टीलचा तीन पुडांचा भरलेला डबा दीड किलोपर्यंत. त्यात बॅगच चार किलोची असेल, तर एकूण वजन सहज दहा-बारा किलो होते.

आता हे वजन दिवसात किती वेळा उचलले जाते, ते मोजा. घरातून गाडीच्या डिकीत, डिकीतून खाली, सुरक्षा तपासणीच्या पट्ट्यावर, पट्ट्यावरून खाली, बसमध्ये, विमानाच्या शिडीवर, कॉकपिटमध्ये. मधेच विमान बदलले तर यातले निम्मे परत. बारा वेळा धरले आणि बॅग दहा किलोची असली, तर दिवसाला एकशेवीस किलो उचलले. आमच्या मुलांच्या दप्तरासाठी सरकारने नियम केला आहे. २०२०च्या राष्ट्रीय धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको. मोठ्यांसाठी असा कायदा नाही. पण रोज उचलायच्या ओझ्यासाठी तोच आकडा धरला तर पाठ तक्रार करत नाही, असे माझे मत आहे. साठ किलोच्या मुलीने सहा किलोंत बसवावे. मग बॅग रिकामी दीड किलोच्या आतली हवी, हे आपोआप ठरते. दुकानात जाताना सामान लटकवून तोलायचा छोटा काटा बरोबर न्या. दुकानदार हसेल, हसू द्या.

पाठीचे काय होते, तेही थोडे सांगतो, कारण इथे विज्ञान गमतीचे आहे. आपल्या कण्याच्या मणक्यांमध्ये चकत्या असतात. बाहेर चिवट कडे आणि आत मऊ गर. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसांच्या कमरेतल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. उभे असताना दाब १०० धरला तर पाठीला टेका न देता ताठ बसल्यावर तो १४० आणि बसून पुढे वाकल्यावर १८५ पर्यंत जातो, असे त्यांना दिसले. १९९९ मध्ये जर्मनीत विल्के आणि सहकाऱ्यांनी नव्या उपकरणाने पुन्हा मोजमाप केले. मागे रेलून आरामात बसले तर दाब उभे राहण्याहून कमीही असतो, असे त्यांना आढळले. म्हणजे ‘बसणे वाईट’ हे सरसकट विधान तितकेसे खरे नाही. पण ओझ्याबाबत त्यांचे आकडे बोलके आहेत. २० किलोचे ओझे पाठ वाकवून उचलताना चकतीतला दाब नुसते उभे असतानाच्या चौपटीहून जास्त झाला. तेच ओझे छातीशी धरून उभे राहिल्यावर दाब दुपटीच्या आसपास होता आणि हात पुढे करून, अंगापासून ६० सेंटीमीटरवर धरल्यावर साडेतीन पट. वजन तेच, अंतर वेगळे.

हे ज्ञान लासलगावच्या कांदा बाजारातल्या हमालांना कोणत्याही प्रयोगाशिवाय असते. पन्नास किलोची गोणी उचलणारा जुना हमाल पाहा. तो गोणी अंगाला चिकटवून घेतो, गुडघ्यातून बसतो आणि वळायचे असेल तेव्हा कंबर फिरवत नाही, पावले फिरवतो. (त्यांच्याही पाठी कामातून जातात. कोणती युक्ती आयुष्यभराच्या गोण्यांना पुरी पडणार? पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) आमच्या ओपीडीत पाठदुखीचे जे तरुण येतात, त्यांत हमालांपेक्षा संगणकावर बसणारे आणि एका खांद्यावर लॅपटॉप अडकवून गाडीवरून फिरणारे मला जास्त दिसतात.

कॉकपिटमध्ये नेमकी उलट हालचाल होते. एअरबस ए-३२० सारख्या विमानात वैमानिकाच्या आसनाच्या बाहेरच्या बाजूला, खिडकीखाली बॅग ठेवायला जागा असते. एटीआर-७२ चे कॉकपिट त्याहून अरुंद. नवा को-पायलट घाईत आधी बसतो आणि मग मागे वळून बॅग ओढतो. बसलेली स्थिती, पुढे किंवा बाजूला वाकणे, कमरेला पीळ आणि लांबवलेल्या हातात दहा किलो. चकतीचे कडे फाटायला जेवढ्या गोष्टी लागतात, त्या सगळ्या एका सेकंदात. उपाय साधा आहे. बसण्याआधी उभ्याने, दोन्ही हातांनी बॅग जागेवर ठेवा आणि मग बसा. उड्डाणात लागणाऱ्या वस्तू आधीच काढून घ्या, म्हणजे पुन्हा वळायला नको. बॅग निवडताना याचा अर्थ असा की तिला वरच्या बाजूने उघडणारा कप्पा हवा. पूर्ण आडवी करून उघडावी लागणारी बॅग अरुंद जागेत निरुपयोगी.

खांद्याचे पट्टे असलेली बॅग पाठीसाठी सर्वांत चांगली, कारण वजन दोन्ही बाजूंना सारखे पडते. पण गणवेशावरचे पट्टे चुरगळतात म्हणून बरेच जण ती एकाच खांद्यावर टाकतात. मग तिचा फायदा संपला. एका बाजूला वजन आले की कणा सरळ ठेवण्यासाठी दुसऱ्या बाजूचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात आणि संध्याकाळी मानेपासून खांद्यापर्यंत दुखते. त्यामुळे चाकांची बॅग हाच बहुतेकांचा मार्ग. तिथेही थोडे पाहावे लागते. चार चाकांची बॅग गुळगुळीत फरशीवर बाजूला ठेवून ढकलता येते, खांदा पिळत नाही. पण ती उतारावर पळते आणि धावपट्टीलगतच्या खडबडीत जागेत, रेल्वेच्या फलाटावर अडखळते. दोन मोठ्या चाकांची तिथे बरी. नोकरी मुंबईत आणि घर नाशिकला असे ज्यांचे आहे, सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून जे जातात, त्यांनी विमानतळाच्या फरशीपेक्षा नाशिकरोड स्टेशनच्या जिन्याचा विचार आधी करावा.

ओढायच्या दांड्याची उंचीही पाहा. हात सैल सोडला तर मूठ जिथे येते, त्याच्या थोडे वर दांडा यावा. बाजारातल्या पुष्कळ बॅगा पावणेसहा फुटी पुरुषाला डोळ्यांपुढे ठेवून बनवल्यासारख्या वाटतात. आपल्या देशात वैमानिकांमधले स्त्रियांचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त आहे. १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी संपूर्ण महिला कर्मचारी असलेले इंडियन एअरलाइन्सचे फोकर विमान कोलकात्याहून सिल्चरला नेले, त्याला आता चाळीस वर्षे झाली. तेव्हा पाच फूट दोन इंचांच्या मुलीने दांडा दोन-तीन उंचींवर थांबतो का, हे दुकानातच ओढून पाहावे. आणि काही घेण्याआधी कंपनीला विचारा. काही कंपन्या बॅग स्वतः देतात, काहींचा रंग आणि आकार ठरलेला असतो. भेट देणाऱ्या मामांना हे आधी सांगितलेले बरे.

पॉवर बँकेबद्दल एकच. ती १०० वॉट-तासांच्या आतली हवी. नेहमीच्या ३.७ व्होल्टच्या सेलच्या हिशेबाने हा आकडा साधारण २७,००० एमएएचच्या आत बसतो. ती किल्ल्या आणि सुट्या नाण्यांच्या कप्प्यात ठेवू नका आणि सामानात जाणाऱ्या पेटीत तर कधीच नको.

आता बॅगेच्या आतल्या गोष्टी. चष्मा लागत असेल तर दुसरा चष्मा बॅगेत असणे ही वैमानिकासाठी सोय नाही, अट आहे. नजर चष्म्याने पुरी होते म्हणून परवाना मिळालेला असतो, मग चष्मा फुटला तर परवान्याचा आधारच गेला. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना तर याची जास्त गरज. विमानातल्या हवेत आर्द्रता दहा ते वीस टक्क्यांपर्यंत उतरते. एवढ्या कोरड्या हवेत लेन्स डोळ्याला टोचू लागते. गॉगल घ्याल तो पोलराइज्ड नको. त्या काचा चकाकी मारतात हे खरे, पण त्यांतून पाहिले की उपकरणांचे पडदे काही कोनांतून काळे पडतात.

हेडसेटवर मात्र पैसे वाचवू नका, एवढे मी स्पष्ट सांगेन. ८५ डेसिबलच्या आवाजात रोज आठ तास काढणे ही कानाची मर्यादा धरली जाते. शिकाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये आवाज सहज त्यापुढे जातो. पंख्याच्या प्रवासी विमानातही तो जेटपेक्षा जास्त असतो. कानाच्या आतल्या सूक्ष्म केसांच्या पेशी मेल्या की परत उगवत नाहीत आणि वैमानिकाच्या वैद्यकीय तपासणीत श्रवणचाचणी असते. आवाज कापणारा चांगला हेडसेट चामड्याच्या बॅगेपेक्षा महाग पडेल. मामांचे पैसे तिकडे वळवा.

पाण्याची बाटली हलकी हवी, पण हवीच. कॉकपिटमधून स्वच्छतागृहात जाणे म्हणजे दार उघडा, केबिन कर्मचाऱ्याला बोलवा, असा सोपस्कार असतो, म्हणून अनेक जण पाणीच कमी पितात. वर हवा कोरडी. मूतखडा व्हायला आणखी काय पाहिजे? नाशिक, धुळे, जळगावच्या उन्हाळ्यात वाढलेल्या माणसांना मूतखड्याची ओळख करून द्यायला नको. जमिनीवर तो नुसता दुखतो. वैमानिकाला मात्र खडा निघून पुढच्या तपासण्या होईपर्यंत विमानाजवळ जाता येत नाही. लघवी फिकट पिवळी राहील इतके पाणी, एवढा साधा हिशेब पुरे.

डब्याबद्दल आयांना वाईट वाटेल असे लिहितो आहे. वैमानिक उड्डाणादरम्यान अचानक अकार्यक्षम होण्याच्या कारणांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत हृदयविकार पहिल्या क्रमांकावर नाही. पहिला क्रमांक पोटाचा: उलट्या, जुलाब, पोटात कळा. म्हणूनच दोन्ही वैमानिकांनी वेगवेगळे जेवण घ्यायची पद्धत आहे. घरचा डबा चांगलाच, पण शिजवलेले अन्न ५ ते ६० अंशांच्या मधे तासन्‌तास राहिले की जंतूंना चंगळ. पहाटे तीनला भरलेला दहीभात किंवा ओल्या खोबऱ्याची चटणी एप्रिलमध्ये सकाळी दहाला खाऊ नये. धपाटे, दशम्या, कोरडी भाजी, शेंगदाण्याची चटणी टिकतात. आपल्या आजीने प्रवासासाठी जे निवडले, त्यात शहाणपण होते.

शिवाय उसळ नको, आणि याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवरचे कळसूबाई, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर. प्रवासी विमान दहा-अकरा किलोमीटरवर उडत असताना केबिनमधला दाब मात्र २,४०० मीटर उंचीवर असतो तितका खाली येऊ शकतो, म्हणजे कळसूबाईच्याही बरेच वर. तिथे कोणतीही बंद हवा समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण तिसऱ्या हिश्शाने फुगते. चिवड्याचे पाकीट टम्म होते, घट्ट झाकणाचा डबा उघडताना फस्‌ आवाज येतो, शाईचे पेन गळते. आतड्यातली हवाही याला अपवाद नाही. सर्दीत नाकामागची नळी बंद असेल तर कानातली हवा अडकते आणि उतरताना जो दडा बसतो, तो पडदा फाटेपर्यंत जाऊ शकतो.

सर्दीचा विषय निघाला, म्हणजे औषधांच्या कप्प्याकडे येणे भाग आहे. बॅगेतला हा सर्वांत लहान कप्पा, आणि नोकरी घालवण्याची ताकद याच्यात सर्वांत जास्त. घरचे लोक प्रेमाने तो भरतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या विमान नियमांनुसार उड्डाणाच्या आधीचे बारा तास मद्य वर्ज्य आहे आणि उड्डाणापूर्वी श्वासाची चाचणी होते. या चाचणीत ‘थोडेसे’ चालत नाही. पहिल्यांदा दोषी आढळले तरी परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षे, तिसऱ्यांदा रद्द. न पिणाऱ्या घरातल्या मुलाला वाटते, याचा माझ्याशी काय संबंध? संबंध आईने दिलेल्या बाटलीचा आहे. द्राक्षासव, दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट ही नावे आपल्या घरांत औषध म्हणूनच घेतली जातात आणि ती औषधेच आहेत. पण आसव आणि अरिष्ट हे आंबवून तयार होतात आणि त्यांत आपोआप तयार झालेले अल्कोहोल बारा टक्क्यांपर्यंत असू शकते. बिअरहून जास्त. बाटलीवर बारीक अक्षरांत ते छापलेले असते. होमिओपॅथीचे अर्कही बहुधा अल्कोहोलमध्येच असतात. काही खोकल्याच्या औषधांत आणि चुळा भरायच्या औषधांतही ते असते. चूळ भरल्यावर तोंडातली वाफ दहा-पंधरा मिनिटांत जाते, पण चाचणी नेमकी त्याच मिनिटांत आली तर यंत्राला कारण समजत नाही. २०२३ मध्ये डीजीसीएने नियमांत हे स्पष्टच लिहिले: अल्कोहोल असलेले माउथवॉश, टूथ जेल किंवा औषध वापरायचे नाही आणि उपचार चालू असतील तर उड्डाणाआधी कंपनीच्या डॉक्टरांना सांगायचे.

दुसरी गोष्ट गुंगीची. मेडिकलच्या दुकानात ‘सर्दीची गोळी द्या’ म्हटले की जी मिळते, तिच्यात बहुतेक वेळा क्लोरफेनिरामिन असते. त्याची झोप उतरली असे वाटले, तरी औषध शरीरातून निम्मे व्हायलाच बऱ्याच जणांत वीस तासांच्या आसपास लागतात. सेटिरिझिन तुलनेने बरे, पण तेही काहींना सुस्त करते. पाठदुखीवरच्या गोळ्यांत स्नायू सैल करणारे औषध मिसळलेले असते, ट्रामाडोलही असते. म्हणजे पाठ जपली नाही तर औषधाने विमान थांबते, असा हा जोडलेला प्रश्न आहे. मी ओपीडीत सर्दीच्या रुग्णाला सहसा व्यवसाय विचारत नाही, कारण रांग मोठी असते. माझ्यासारखे डॉक्टर बहुतेक सगळीकडे असेच असतात. तेव्हा ‘मी विमान चालवतो’ हे वाक्य रुग्णानेच पहिल्यांदा उच्चारले पाहिजे.

तिसरी गोष्ट नवी आहे. ३१ जानेवारी २०२२ पासून आपल्याकडे वैमानिकांची अमली पदार्थांसाठीही अचानक तपासणी होते. गांजा, अफूजन्य पदार्थ, कोकेन, अँफेटामिन, झोपेच्या काही गोळ्या यांचा त्यात समावेश आहे. कोडीन असलेले खोकल्याचे औषध अफूजन्य वर्गात मोडते. महाशिवरात्रीला प्रसाद म्हणून घेतलेल्या भांगेचा अंश लघवीत काही दिवस दिसू शकतो आणि ‘प्रसाद होता’ हा बचाव प्रयोगशाळेला कळत नाही. खसखशीच्या दाण्यांवर अफूच्या चिकाचा अंश राहतो आणि ती भरपूर खाल्ली तर लघवीत मॉर्फीन सापडू शकते, हे जुने निरीक्षण आहे. दिवाळीतल्या एखाद्या अनारशाने आकाश कोसळणार नाही. पण खसखशीची खीर वाटीभर खाऊन दुसऱ्या दिवशी कामावर जाणे मी तरी टाळायला सांगेन.

मग या कप्प्यात ठेवायचे काय? थोडेच. पॅरासिटामॉल, ओआरएसची दोन पाकिटे, जखमेची पट्टी, डोळ्यांचे कृत्रिम अश्रूंचे थेंब, स्वतःचे नेहमीचे औषध असेल तर ते, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीच्या प्रतीसह. सुट्या गोळ्या कागदाच्या पुडीत नकोत. तीन महिन्यांनी हीच पुडी बघून कोणती गोळी कशाची, हे मलाही ओळखता येणार नाही. झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले बोळे ठेवा. पहाटे तीनला उठणाऱ्या माणसाला दुपारी झोपावे लागते, आणि झोपेच्या गोळीपेक्षा अंधार आणि शांतता स्वस्त पडते. पोटाच्या जुलाबांवरची गोळी मात्र मुद्दाम यादीत घेतलेली नाही. जुलाब थांबवून विमानात बसायचे नसते, घरी थांबायचे असते.

नव्या मुलांना रजा मागायची भीती वाटते. नोकरी नवी, कर्जाचा हप्ता चालू, कॅप्टन काय म्हणेल याची धास्ती. सर्दी झाली तर ती गोळी घेऊन दाबतात, पाठीला उसण भरली तर पट्टा बांधून जातात. पण आजारी असताना न उडणे हा त्यांचा हक्क तर आहेच, शिवाय ती परवान्याची अटही आहे. चाळिशीच्या आत वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी होते. ती होऊन प्रमाणपत्र मिळाले म्हणजे मधल्या ३६४ दिवसांची जबाबदारी संपली, असे नाही. त्या दिवसांत आपण तंदुरुस्त आहोत की नाही, हे ठरवणारी पहिली व्यक्ती वैमानिक स्वतः असते. बंगळुरूच्या ज्या वायुवैद्यक संस्थेत अनेकांची पहिली मोठी तपासणी होते, ती वायुदलाने १९५७ मध्ये सुरू केली. तिथे तपासणीला जाताना जुने कागद नेले तर बरेच हेलपाटे वाचतात: आधीचे ईसीजी, एक्स-रे, चष्म्याचा नंबर, शस्त्रक्रिया झाली असेल तर तिची कागदपत्रे. त्यांच्यासाठी बॅगेत एक पातळ प्लास्टिकची फाइल पुरते. मूळ कागद घरी ठेवा, फाइलमध्ये प्रती आणि फोनमध्ये त्यांचे फोटो.

महिन्यातून एकदा बॅग पूर्ण रिकामी करून पलंगावर उलटी करा आणि पुन्हा काट्यावर ठेवा. मला दाखवायला आणलेल्या अशा एका बॅगेत खालच्या कप्प्यात दोन विजेऱ्या, तीन चार्जर, मुदत संपलेले खोकल्याचे औषध आणि गेल्या मुक्कामाच्या हॉटेलचे साबण निघाले होते. सगळे मिळून एक किलो सातशे ग्रॅम.